ध्वनिप्रयोगशाळेसाठी जलशीतित संगणक : नियोजन व बांधणी

ध्वनिविज्ञानाच्या अभ्यासात संगणकाचा प्रवेश झाल्यापासून अभ्यासकाला एक विचित्र अडचण सोसावी लागत आहे. ज्या यंत्राच्या साह्याने ध्वनीचे सूक्ष्म मापन करावयाचे, तेच यंत्र मापनाच्या खोलीत स्वतःचा ध्वनी अखंड ओतीत असते. हा ध्वनी पंख्यांचा होय. कानाला त्याची सवय होते आणि थोड्याच वेळात तो ऐकू येईनासा होतो. ध्वनिग्राहकाला मात्र अशी सवय कधीच होत नाही. एखाद्या वृद्ध भाषकाकडून त्याच्या बोलीचे नमुने घेतले, तो भाषक पुढे हयात राहिला नाही, आणि नंतर विश्लेषणाला बसल्यावर प्रत्येक नमुन्यामागे पंख्याची घरघर उमटलेली आढळली, तर ती हानी भरून काढण्याचा मार्ग उरत नाही. गोंगाट वजा करणाऱ्या आज्ञावली आहेत हे खरे. पण त्या गोंगाटाबरोबर भाषणातील क्षीण घटकही पुसून टाकतात, आणि अभ्यासाचा विषय पुष्कळदा तेच क्षीण घटक असतात.

ही अडचण कोणत्या जातीची आहे हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १२०० फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाला २० फेऱ्या होतात आणि एका ठिकाणावरून सेकंदाला १४० पाती जातात. म्हणजे पंख्याच्या ध्वनीत १४० हर्ट्झची एक रेषा उमटते. प्रौढ पुरुषाच्या आवाजाची मूलवारंवारता नेमकी याच टापूत असते. याशिवाय हवेच्या खळबळीमुळे निर्माण होणारा रव सर्व वारंवारतांवर पसरलेला असतो, आणि तो अधिक घातक होय. मराठीत 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जगण्याची आज्ञा, या दोन शब्दांतील भेद बव्हंशी 'ज'च्या घर्षणाची ऊर्जा कोणत्या वारंवारतेवर एकवटते यावर अवलंबून असतो. 'म्हैस', 'न्हाणे', 'व्हावे' यांतील महाप्राणयुक्त अनुनासिके व अर्धस्वर घेतले, तर त्यांचे लक्षण म्हणजे स्वरात मिसळलेला मंद श्वासरव. खोलीतील रव त्यात मिळाला की मोजलेला श्वास भाषकाचा किती आणि यंत्राचा किती, हे सांगणे दुर्घट होते.

यावरचा सर्वांत साधा उपाय म्हणजे यंत्र दुसऱ्या खोलीत ठेवून भिंतीतून तारा आणणे. ज्या विभागाला हे शक्य आहे, त्याने पुढील उठाठेव करू नये. परंतु पुष्कळ ठिकाणी प्रयोगशाळा म्हणजे एकच खोली असते. तीत एकीकडे मुद्रण चालते आणि दुसरीकडे तेच यंत्र वाक्‌ध्वनींचे स्वयंचलित खंडन करणे किंवा उच्चार ओळखणारी प्रतिमाने घडविणे अशी कामे दिवस-दिवस करीत असते. अशा कामात प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड ही दोन्ही पूर्ण शक्तीने चालतात व तितकीच तापतात. तेथे जलशीतनाचा विचार करणे युक्त ठरते.

या पद्धतीमागील तत्त्व अगदी जुने आहे. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एका अंशाने वाढविण्यास सुमारे ४.१८ जूल ऊर्जा लागते. हवेला सुमारे एकच जूल पुरते. त्यात हवा विरळ. घनफळाने तुलना केली, तर पाणी हवेच्या सुमारे ३५०० पट उष्णता वाहून नेते. ५५० वॅट उष्णता दहा अंशांची वाढ होऊ देऊन वाहून न्यावयाची असेल, तर सेकंदाला ४६ लिटर हवा लागेल. पाणी १३ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम अडीच चमचे, पुरेल.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे अवश्य आहे. 'जलशीतन' या शब्दावरून पाणी यंत्राला थंड करते असा ग्रह होतो. वस्तुतः पाणी केवळ हमालाचे काम करते. प्रोसेसरच्या अंगठ्याएवढ्या पृष्ठभागावरून उष्णता उचलून ती वीतभर रुंद आणि हातभर लांब अशा जाळीदार रेडिएटरपर्यंत न्यावयाची, एवढेच त्याचे कार्य. तेथून पुढे उष्णता अखेर खोलीतील हवेलाच द्यावयाची असते. रेडिएटर हा शब्दही फसवाच आहे; त्यातून किरणोत्सर्गाने जाणारी उष्णता नगण्य असते, बहुतेक सारी वाहत्या हवेबरोबर जाते. मोटारीच्या कारखान्यातून हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याला आता हटविण्याचे कारण नाही. मात्र यातून निघणारा निष्कर्ष ध्यानात ठेवावा : पाण्याचे तापमान खोलीच्या तापमानाखाली कधीही जाऊ शकत नाही. त्यामुळे कोकणच्या दमट हवेतही नळ्यांवर दव साचण्याचे भय नाही. आणि त्यामुळेच वैशाखात विदर्भातील बंद खोलीत या यंत्रापासून चमत्काराची अपेक्षाही करू नये.

मोठ्या गणकयंत्रांना द्रवाने थंड करण्याची प्रथा नवी नाही. १९६० नंतरच्या दशकात आयबीएमच्या सिस्टिम/३६० मालिकेतील बलाढ्य यंत्रांत पाणी खेळविलेले होते. १९८५ च्या क्रे-२ यंत्रात तर सर्व मंडले फ्लुओरिनर्ट नावाच्या वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून ठेवलेली असत. २००४ मध्ये ॲपलने द्रवशीतनाची सोय असलेला पॉवर मॅक जी५ हा मेजावरचा संगणक विक्रीस आणला. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत २०१९ साली उभ्या राहिलेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकातही द्रव थेट तापणाऱ्या भागांपाशी नेलेला आहे. मेजावरच्या यंत्रात हीच योजना हौशी मंडळींनी आधी मोटारीचे सुटे भाग वापरून केली. आता त्यासाठी खास घडविलेले भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून किंवा मागणी नोंदवून मिळतात.

नियोजनाचा आरंभ उष्णतेच्या हिशेबापासून करावयाचा. समजा, प्रोसेसर सतत २०० वॅट आणि ग्राफिक कार्ड ३५० वॅट घेते. संगणकात शिरलेली वीज अखेर उष्णताच होत असल्याने पाण्याला ५५० वॅट वाहावयाचे आहेत. बांधणी करणाऱ्यांत असा ठोकताळा आहे की पंखे मंद ठेवावयाचे असतील तर १२० मिलिमीटरच्या प्रत्येक पंख्यामागील रेडिएटरवर सुमारे १०० वॅटचा भार टाकावा. त्या हिशेबाने तीन पंख्यांचा एक आणि दोन पंख्यांचा एक असे दोन रेडिएटर लागतात. एवढी तजवीज केल्यास पाणी खोलीतील हवेपेक्षा सुमारे १० ते १५ अंशांनी गरम राहील. खोली २८ अंशांवर असेल तर पाणी ४० च्या आसपास; खोली ४२ अंशांवर गेली तर पाणी ५५ च्या पुढेमागे. पंप आणि कडक प्लास्टिकच्या नळ्या यांची मर्यादा साधारणपणे ६० अंशांची धरतात. म्हणून वातानुकूलन नसलेल्या खोलीसाठी आणखी एका पंख्याइतका रेडिएटर आधीच वाढवून ठेवणे शहाणपणाचे. कॅबिनेट निवडताना हे दोन्ही रेडिएटर, पंख्यांच्या जाडीसह, त्यात बसतील की नाही हे पट्टीने मोजून पाहावे. बहुतेक योजना फसतात त्या उष्णतेच्या गणितात नव्हे, तर दोन सेंटिमीटर कमी पडल्यामुळे.

आता मूळ प्रयोजनाकडे, म्हणजे शांततेकडे, वळू. पंख्याची गती आणि त्याचा ध्वनी यांचा संबंध सरळ प्रमाणाचा नाही. गती निम्मी केली तर हवेचे वहन निम्मे होते, पण ध्वनीची पातळी सुमारे १५ डेसिबेलने उतरते. उलट एकाच गतीचे पंखे तीनाचे पाच केले, तर पातळी जेमतेम दोन डेसिबेलने चढते. म्हणजे मिनिटाला १८०० फेऱ्यांच्या तीन पंख्यांऐवजी त्याच जातीचे ९०० फेऱ्यांचे पाच पंखे लावल्यास ध्वनी सुमारे १३ डेसिबेलने घटतो. हवेचे वहन या फेरबदलात सुमारे एकषष्ठांशाने कमी होते. रेडिएटरच्या वाढलेल्या पृष्ठभागाने ती उणीव भरून निघते. केवळ हवेवर थंड होणाऱ्या यंत्रात हे का साधत नाही? कारण तेथे पंखे तापणाऱ्या भागाच्या अगदी डोक्यावर बसवावे लागतात, आणि त्या जागी पाच पंखे मावत नाहीत. पाण्याचा खरा लाभ हा आहे : उष्णता जेथे जन्मते तेथेच ती सोडली पाहिजे, ही सक्ती उरत नाही.

पंख्यांची जागा मात्र पंप घेऊ पाहतो. प्रचारात असलेला डी५ जातीचा पंप पूर्ण वेगात मिनिटाला ४८०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ८०, घेतो. त्याची गुणगुण कॅबिनेटच्या पत्र्यातून मेजात आणि मेजावरील ध्वनिग्राहकात उतरते. यास्तव पंप पत्र्यावर थेट न आवळता जाड रबराच्या किंवा स्पंजाच्या बैठकीवर ठेवावा, त्याची गती निम्म्यापर्यंत उतरवावी, आणि ध्वनिग्राहकाचा स्टँड वेगळ्या मेजावर असावा. गती उतरविल्याने शीतन बिघडेल अशी भीती व्यर्थ आहे. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर ५५० वॅट उष्णतेने त्याचे तापमान एका फेरीत केवळ दोन अंशांनी वाढते. प्रवाह निम्मा केला तर चार अंशांनी. सबंध वर्तुळात पाण्याचे तापमान जवळजवळ सारखेच असते. म्हणूनच पाणी आधी प्रोसेसरकडे न्यावे की ग्राफिक कार्डाकडे, यावर होणारे वाद निष्फळ आहेत; ज्या क्रमाने नळ्या आखूड आणि कमी वळणाच्या होतील तो क्रम उत्तम. एकच क्रम मात्र अनुल्लंघनीय आहे. पाण्याची टाकी पंपाच्या वर आणि त्याच्या लगत असली पाहिजे, कारण पंपाच्या आसाला वंगण पाण्याचेच असते आणि कोरडा चाललेला पंप थोड्याच वेळात खराब होतो.

धातूंच्या निवडीत सर्वाधिक चुका होतात. प्रोसेसरवर बसणारा ठोकळा तांब्याचा असतो. त्याच्या पोटात केसासारख्या बारीक चिरा कोरलेल्या असून पाणी त्यांतून वाहते. रेडिएटर तांब्या-पितळेचे मिळतात आणि अल्युमिनियमचेही. दुसरे स्वस्त असल्याने मोह होतो. परंतु तांबे आणि अल्युमिनियम एकाच पाण्यात आले की ते पाणी म्हणजे विद्युत्‌घटच बनते, आणि त्यात अल्युमिनियम झिजू लागते. त्याचा पांढरा गाळ ठोकळ्याच्या चिरांत जाऊन बसतो व प्रवाह कोंडतो. तांबे, पितळ आणि निकेलचा मुलामा यांचे परस्परांशी बरे जमते. अल्युमिनियम त्यांच्या पंक्तीस बसवू नये.

पाणीही कोणतेही चालत नाही. दख्खनच्या पठारावरील बोअरच्या पाण्यातील क्षार चिरांत पुटे धरतील. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्यासाठी मिळणारे ऊर्ध्वपातित पाणी योग्य. मात्र डबा पाण्याचाच आहे, आम्लाचा नव्हे, हे वाचून घ्यावे. नुसते शुद्ध पाणी पुरेसे नाही. त्यात गंजरोधक आणि शेवाळनाशक द्रव्य हवे. तळ्यात टाकतात म्हणून मोरचूद घालण्याची सूचना कोणी करतो. ती मानू नये, कारण त्यातून सुटणारे तांबे अन्य धातूंवर चढून त्यांना खड्डे पाडते. या कामासाठी तयार मिळणारे मिश्रणच वापरणे सोयीचे. वीज न वाहणारे म्हणून विकले जाणारे द्रव्य काही काळाने धातूंचे आयन उचलून वाहक बनते. त्यावर विसंबून गळतीकडे दुर्लक्ष करू नये. रंगीत आणि चकाकणाऱ्या द्रवांतील कण खाली बसतात, हे प्रयोगशाळेपुरते तरी त्यांच्याविरुद्ध पुरेसे आहे.

नळ्या दोन जातींच्या. कडक नळी तापवून वाकवावी लागते व दिसावयास सुरेख असते. मऊ नळी कात्रीने कापून बसविता येते. विभागाच्या कामाला मऊ, त्यातही काळ्या इपीडीएम रबराची नळी श्रेयस्कर. पारदर्शक मऊ प्लास्टिकमधून त्याला लवचीक ठेवणारे द्रव्य हळूहळू झिरपते आणि पुन्हा त्या बिचाऱ्या चिरांतच साचते. जोडाचे आटे बहुतेक सर्व उत्पादकांनी एकाच मापाचे, 'पाव इंची', ठरविले आहेत. मजा अशी की पाव इंची म्हटलेल्या या आट्यांचा बाहेरील व्यास सुमारे १३ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचाहून थोडा अधिकच भरतो. नाव जुन्या नळाच्या पोकळीवरून पडले. वस्तू बदलली, नाव राहिले. शब्दार्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास हे नवे नाही, पण पट्टी घेऊन बाजारात जाणाऱ्याने सावध असावे. हे जोड रबरी कडीने पाणी अडवितात, आट्यांनी नव्हे. म्हणून नळकाम करणाऱ्याच्या सवयीने टेप गुंडाळू नये आणि पान्याने जोर लावू नये. हाताने घट्ट होईल तेवढे पुरे. जोर लावल्याने कडी चिरडते किंवा पारदर्शक ठोकळ्याला तडा जातो.

बांधणीपूर्वी रेडिएटर ऊर्ध्वपातित पाण्याने अनेकवार खळबळून घ्यावेत; कारखान्यातील डाख व गाळ त्यांत राहिलेला असतो. संगणक प्रथम साध्या पंख्यांवर चालवून सर्व भाग निर्दोष असल्याची खात्री करावी, मगच पाण्याचे ठोकळे चढवावेत. ग्राफिक कार्डाचा ठोकळा त्या विशिष्ट कार्डाच्या मांडणीसाठीच घडविलेला असतो. एकाच चिपची दोन कंपन्यांची कार्डे वेगळी असू शकतात, तेव्हा जुळणी खरेदीपूर्वीच तपासावी. कार्ड उघडल्याने हमी राहते की जाते हेही लेखी विचारून घ्यावे. प्रोसेसर आणि ठोकळा यांमध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर हवा. त्याचे काम फटी भरण्याचे, थर जाड करण्याचे नव्हे. सर्वांत खालच्या बिंदूस एक तोटी बसविण्यास विसरू नये. ती नसेल तर पुढे प्रत्येक दुरुस्तीला सबंध यंत्र उलथे करावे लागते.

भरणी आणि गळतीची चाचणी ही सर्वांत घाईची, म्हणून सर्वांत धोक्याची पायरी. या वेळी मदरबोर्ड, ग्राफिक कार्ड वा अन्य कशालाही वीज जाता कामा नये. एसएमपीएसचा मोठा चोवीस टोकांचा जोड मदरबोर्डापासून सुटा ठेवून त्यातील हिरवी तार आणि एक काळी तार जोडली की एसएमपीएस चालू होतो. त्यावर एकटा पंप लावावा. सर्व तारा काळ्याच असल्यास त्यासाठी तयार मिळणारा जोड घ्यावा, अंदाज करू नये. टाकी भरावी, पंप काही क्षण चालवावा, टाकी रिती होण्याच्या आत थांबवावा, पुन्हा भरावी. असे करीत सुमारे लिटरभर द्रव आत जातो. अडकलेली हवा काढण्यासाठी कॅबिनेट हलकेच निरनिराळ्या बाजूंना कलते करावे. मग प्रत्येक जोडाखाली कोरडा टिपकागद ठेवून पंप चोवीस तास चालवावा. एकाही कागदावर डाग दिसला तर जोड उघडून कडी पाहावी आणि चोवीस तास नव्याने मोजावेत. मुद्रणाचे काम अडले आहे म्हणून ही चाचणी चार तासांत आटोपण्याचा आग्रह धरणारे सहकारी प्रत्येक विभागात असतात. त्यांचे ऐकू नये.

यंत्र सुरू झाल्यावर पंख्यांची गती कशावरून ठरवावयाची हा प्रश्न उरतो. नेहमीची सोय प्रोसेसरच्या तापमानावर अवलंबून असते, आणि ते क्षणात वीस अंशांनी उसळते. परिणामी पंखे सारखे चढ-उतार करतात, आणि बदलता रव हा स्थिर रवापेक्षा मुद्रणाला अधिक बाधक असतो. यासाठी वर्तुळात एक तापमापक बसवून पंखे पाण्याच्या तापमानाशी बांधावेत. पाणी संथपणे तापते. लिटरभर पाणी एका अंशाने तापविण्यास सुमारे ४१९० जूल लागतात; एक किलोग्रॅम अल्युमिनियमच्या शीतकाला ९०० पुरतात. या संथपणाचा थेट उपयोग करता येतो. मुद्रणाच्या वेळी जड गणन थांबवून यंत्राचा भार ८० वॅटपर्यंत आणला, तर पाचही पंखे पूर्ण बंद ठेवूनही पाणी दहा अंशांनी तापण्यास आठ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. शब्दसूचीचा एक खंड किंवा एखादी छोटी कथा एवढ्या अवधीत सहज मुद्रित होते. मग पंखे चालू करावेत, भाषकाला पाणी द्यावे, आणि पुढचा खंड घ्यावा. गणन पूर्ण शक्तीने चालू असताना हीच युक्ती सव्वा मिनिटात संपते. तेव्हा दोन्ही कामे एकाच क्षणी करण्याचा लोभ धरू नये.

हा खटाटोप न करता कारखान्यातच भरून बंद केलेला संच प्रोसेसरवर बसविता येतो. त्यात पंप, नळ्या व रेडिएटर जोडूनच येतात आणि गळतीचा संभव अल्प असतो. तथापि तो बहुधा केवळ प्रोसेसर सांभाळतो, आणि ध्वनिविश्लेषणाच्या आधुनिक कामात अधिक तापते ते ग्राफिक कार्ड. शिवाय त्याचा पंप बिघडला तर दुरुस्ती नाही, संचच बदलावा लागतो. ज्या विभागात यंत्राची देखभाल करणारे माणूस नाही, तेथे मात्र बंद संच किंवा एखादा मोठा हवेचा शीतक हाच पर्याय योग्य. सुट्या भागांचे वर्तुळ हे विहिरीसारखे आहे. खणून झाले की काम संपत नाही.

देखभालीचे वेळापत्रक साधे आहे. रेडिएटरच्या जाळीतील धूळ दर महिन्यास झटकावी; उन्हाळ्यात दर पंधरवड्यास. टाकीतील पातळीवर खूण करून ठेवावी, कारण रबरी नळीतूनही थोडी वाफ निसटते आणि पातळी सावकाश उतरते; ती एकाएकी उतरली तर यंत्र त्याच क्षणी बंद करावे. द्रव वर्षातून एकदा बदलावा व त्या वेळी प्रोसेसरचा ठोकळा उघडून चिरा मऊ ब्रशाने साफ कराव्यात. यंत्र दुसऱ्या इमारतीत हलवावयाचे असल्यास प्रथम खालच्या तोटीतून द्रव काढून घ्यावा. द्रवाचे नाव, प्रमाण आणि भरल्याची तारीख कागदावर लिहून तो कागद कॅबिनेटच्या आतील बाजूस चिकटवावा, म्हणजे पुढील वर्षी येणाऱ्या संशोधकाला आत काय भरले आहे याचा शोध घेत बसावे लागणार नाही.